मशीन मागे चालू होतं

अगं, हे पत्र लिहिते आहे खरी, पण पाठवायचं कुठे ते ठाऊक नाही. तरी लिहिते. गप्प बसणं मला जमत नाही, हे तू जाणतेस.

आमच्या खालच्या खोलीत तू राहायचीस, तिथेच शिवणकाम करायचीस. मापं लिहून ठेवायची तुला गरजच नसे. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचीस, "वहिनी, कापड कमी पडलं नाही, तुम्ही वाढलात." नवऱ्याने मारलं की मात्र दोष जिन्याला, नाहीतर कपाटाच्या दाराला. एकदा वैतागून मी विचारलं, ते कपाट तुझ्यावरच एवढं का उठलंय? तू हसलीस, मग रडलीस.

तेव्हा मी रेडिओसाठी मालिका लिहीत होते. घरात मार खाणाऱ्या बायकांनी मदत मागावी म्हणून. प्रत्येक भागात एक खरी बाई बोलणार, शेवटी फोन नंबर. तू तयार झालीस. नाव नको, आवाज बदला, एवढंच तुझं म्हणणं. स्टुडिओत तुझी वाचाच बसली. हात मशीनवर असले की तू मोकळी बोलायचीस, म्हणून रेकॉर्डिंग तुझ्या खोलीत केलं. आवाज असा बदलला की मीही फसले असते. मागची मशीनची घरघर तेवढी मी मुद्दाम ठेवायला लावली. म्हटलं, जिवंतपणा येतो. शिकल्यासवरल्याची अक्कल!

तुझं मशीन दर चार टाक्यांनी खट् करायचं. नवऱ्याने दुरुस्त करताना भलताच स्क्रू बसवला होता. शनिवारी दुपारी, गॅरेजात काम करताना, त्याने रेडिओवर ते खट् ऐकलं. शेजारीण सांगते, घरी येऊन तो शांतपणे एवढंच म्हणाला, "मशीन आपलं आहे."

मी बहिणीकडे गेले होते. रविवारी परतले तर तुमच्या दाराला कुलूप. पोलीस म्हणाले, नवराबायको गावाला गेलीत, बायकोची तक्रार नाही, आम्ही काय करणार?

त्या भागाला सर्वांत जास्त फोन आले. रेडिओच्या साहेबांनी माझं कौतुक केलं. त्यातला एखादा तुझा होता का, एवढंच मी विचारलं. नव्हता.

त्याच आठवड्यात, तो भाग लागायच्या आधी, हात मोडला होता तेव्हाचा दवाखान्याचा दाखला तुला तक्रारीसाठी हवा होता. तू गेलीस तर नवऱ्याला कळेल, म्हणून तो आणायला लागणारी पावती माझ्याकडे दिलीस. "बाई, शुक्रवारी आणाल ना?" मी म्हटलं, सोमवारी बघू, शुक्रवारी मला पुढचा भाग लिहून द्यायचाय. सोमवारी गेले नाही, पुढेही नाही. आणून कुणाच्या हातात देणार होते? पावती माझ्या पर्समध्ये आहे.