शनिवारचा घाणा

लिहावं की लिहू नये, या विचारात बरेच महिने गेले. या सदरातले इतरांचे अनुभव वाचताना मी स्वतः कितीदा हसलो आहे... म्हणून आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. म्हसळ्याच्या पलीकडे डोंगराला लागून आमची भातशेतीची वाडी आहे. तिथे दर पिंपळाला कोणी ना कोणी अदृश्य मालक असतो, आणि लहानपणी गुरं राखताना त्या सगळ्या मालकांच्या सावलीत बसून मी भाकरी खाल्ली आहे. कधी कोणी काही बोललं नाही. पुढे आमच्या घराण्यातला पहिला असा मी कॉलेजात गेलो, फिजिक्स घेतलं, आणि तो प्रश्न कायमचा मिटला असं मला वाटलं.

मुंबईत इंटरच्या वर्षी हिवतापानं धरलं आणि टर्म बुडाली. डॉक्टर म्हणाले, समुद्रकाठी हवापालट करा. मुंबईत समुद्र नाही का, असं विचारावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. माझे मामा अलिबागेस कचेरीत पट्टेवाले होते. पेठेच्या मागच्या अंगाला, गणूकाका तांबटांच्या दुकानाच्या माडीवर, त्यांची एक खोली होती. तिथे मी पुस्तकं घेऊन येऊन पडलो.

पडलो म्हणतो खरा, पण त्या गावात पडून राहणं शक्यच नव्हतं. मी पाहिलेली गावं दोनच तऱ्हेची. एक आमची वाडी, जिथे शेजारी म्हणजे हाक मारून ऐकू गेला तर शेजारी. आणि दुसरी मुंबई, जिथे शेजारी भिंतीपलीकडे असूनही ओळख नाही. अलिबाग या दोन्हींपेक्षा निराळं निघालं. सगळं पायाच्या अंतरावर. खोलीतून खाली उतरलं की तांबटाचा ठकठकाट, पुढे गुजराती वाण्याचं दुकान, त्यापुढे पाववाल्याची भट्टी, मग कोळणींचा बाजार. डावीकडे वळलं की ब्राह्मण आळीतली संथा, उजवीकडे यहुदी मंडळींची इस्रायल आळी, आणि कुठल्याही आळीचा कंटाळा आला तर सरळ चालत राहावं... समोर समुद्र, आणि समुद्रात किल्ला. ओहोटीला तर किल्ल्यातही चालतच जायचं. टांगे होते, पण ते पाहुण्यांसाठी.

पहिले काही दिवस मी सारखा वाट चुकत होतो. मामा म्हणाले, "अरं, रानात कधी चुकला न्हायस, नि हितं बाजारात चुकतोस व्हय?"

खरं होतं ते. रानात मी झाडांवरून वाट धरायचो. इथल्या आळ्या मला सारख्याच दिसायच्या... तेच कुंपण, त्याच नारळीपोफळी, तीच कौलं. मग मी डोळ्यांचा नाद सोडला आणि कानांवरून चालू लागलो. तांब्यावर हातोडी पडतेय, म्हणजे आपली खोली जवळ. लाटांचा आवाज समोर, म्हणजे बाजार पाठीशी. आणि संथ, लांबलेला, लाकडावर लाकूड घासल्याचा करकराट, म्हणजे इस्रायल आळीतला तेलाचा घाणा. हे जमायला लागल्यावर मला इतका आनंद झाला की अभ्यास सोडून मी तासन्‌तास नुसता हिंडायचो. एक कोळीण तर मला बघितलं की म्हणायची, "काय रं, आज तरी घेतस, का नुसता बघतस?" मी लाजून पुढे सटकायचो, तर पाठीमागून सगळ्याजणी हसायच्या. त्या हसण्याचंही मला बरंच वाटायचं. मुंबईत मला कोणी हसलंसुद्धा नव्हतं.

तो घाणा साराबायचा. गाव त्या घराला शनवार तेली म्हणे. मला वाटलं, आडनावासारखंच काहीतरी असेल. घाणा चालवायचा तिचा मुलगा शालोमभाऊ, पण दारात उभ्या राहणाऱ्याशी बोलायचं खातं साराबायकडे. जाडजूड, गुडघे धरून चालणारी, नऊवारी नेसलेली बाई. पहिल्या दिवशी मी दाराशी उभा राहून बैलाचे फेरे बघत होतो, तर म्हणाली, "बैल बघायला आलास, का बैलाला बघू द्यायला आलास?"

"कॉलेजात शिकतो मी," असं काहीतरी विसंगत मी बोललो.

"मग बस. बैल शिकलेला न्हाय, पण मारत न्हाय."

आणि तिने घाण्यातून नुकतीच निघालेली तिळाची पेंड, कोमट, तेलानं मऊ, गुळाचा खडा लावून माझ्या हातावर ठेवली. तशी चव मी त्याआधी घेतली नव्हती. त्यानंतर घाण्याचा आवाज आला की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे. साराबाय मला 'म्हसळकर' म्हणायची. आईची चौकशी करायची, ताप आला का विचारायची, अभ्यास किती राहिला ते विचारून मला खजील करायची. परक्या गावात माझी वाट पाहणारं ते एकच दार होतं. नवीन पेंड निघाली की ती माझा वाटा झाकून ठेवायची.

दर शुक्रवारी दुपारी मी किहीमला मावशीकडे जायचो, ते थेट रविवारी परतायचो. त्यामुळे अलिबागेचा शनिवार मी पाहिलाच नव्हता. पण परीक्षा जवळ आली तेव्हा एका शुक्रवारी मी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर डोकं जड झालं म्हणून किनाऱ्याला एक फेरी मारून परत येत होतो. भर दुपार. वारा पडला होता. तांबटाची हातोडी ऐकू येऊ लागली, म्हणजे खोली आली. आणि तेवढ्यात इस्रायल आळीकडून घाण्याचा करकराट ऐकू आला. नेहमीचाच, संथ. फक्त आज दर फेऱ्याला लाकडावर एक ठोकाही पडत होता. करकर... करकर... ठक. मी खोलीचा जिना सोडला आणि वळलो.

गणूकाका दुकानाच्या फळीवर बसून घागरीचा पोचा काढत होते. म्हणाले, "काय म्हसळकर, पुस्तकं वर नि स्वारी कुठं?"

"घाणा चाललाय. पेंड घेऊन येतो."

गणूकाका हसले. "आज शनवार. शनवारी त्यांच्या घरात चूल पेटत न्हाय, तिथं घाणा चालेल? सगळी मंडळी मशिदीत आहेत, त्यांच्या देवळाला मशीदच म्हणतात. कोणाच्या तान्ह्या पोराचा विधी आहे. जेवणंही तिकडंच. संध्याकाळपर्यंत कोणी यायचं न्हाय."

"पण मला ऐकू येतंय."

त्यांनी हातोडी खाली धरून कान दिला. घाण्याचं घर त्यांच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. "मला तर काय बी न्हाय. ताप उतरला पण कानात राहिला तुझ्या. जा, झोप जा."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. शिकलेला मुलगा, आणि पेंडेच्या लोभानं आवाज ऐकतो, असं त्यांना वाटलं असणार. मी वळलोच होतो. जिन्याच्या पायरीवर पाय ठेवला होता. पण आवाज थांबेना. उलट तो ठोका जरा घाईनं पडतोय असं वाटलं. नाही म्हटलं तरी मनाला खात होतं, म्हणून एवढंच म्हणालो, "काका, बैलाच्या फेऱ्यात मध्येच लाकडावर ठोका कशासाठी मारतात?"

"कसला ठोका?"

मी त्यांच्या फळीवर बोटांच्या पेरांनी वाजवून दाखवला. जसा ऐकू येत होता तसाच, त्याच चालीत.

गणूकाकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी घागर बाजूला ठेवली, वहाणासुद्धा न घालता फळीवरून उतरले, आणि माझ्या पुढे झाले. मी विचारलं, काय झालं? ते झपाझप घाण्याच्या घराकडे निघाले.

दाराला बाहेरून कडी नव्हती. आम्ही अंगणात शिरलो, घाण्याच्या पडवीशी आलो. आवाज दाराच्या फळ्यांमागून येत होता, इतका जवळून की माझा जीव थोडा हलका झाला... आता गणूकाकांना ऐकू येईलच, असं वाटलं. त्यांनी दाराला हात लावला, आणि आवाज थांबला.

आत साराबाय घाण्याशी आडवी पडली होती. गुडघ्यांमुळे ती एकटी घरी राहिली होती. कोपऱ्यात मांजर व्यायलं होतं, पिल्लांना बघायला ती आत आली असावी. पाय घसरून घाण्याच्या काठावर डोकं आपटलं होतं. रक्त बरंच गेलं होतं. डोळे उघडे होते, पण हाक मारण्याइतकी ताकद नव्हती. मला बघून तिचे ओठ हलले, शब्द आला नाही.

पुढचं सगळं त्या गावानं केलं. गणूकाकांनी धोतराचा सोगा फाडून डोक्याला बांधला. मी आळीत जाऊन ओरडलो, आणि मला वाटतं माझा श्वास परत यायच्या आत दारं उघडली. कोणी बाज आणली. वाण्यानं दुकान उघडं टाकून नवी कोरी चादर दिली. आम्ही बाज उचलून निघालो तेव्हा ती मला हसणारी कोळीण टोपली रस्त्यातून लाथेनं सारून पुढे झाली आणि "वाट सोडा रं, वाट सोडा" करत दवाखान्यापर्यंत आमच्यापुढे पळाली. कोणीतरी मशिदीकडे धावलं होतं. आम्ही दवाखान्याच्या पायऱ्या चढतो आहोत तोवर शालोमभाऊ उलट्या बाजूनं धावत येऊन पोचले. सगळं पायाच्या अंतरावर, असं मी मघाशी कौतुकानं लिहिलं. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत तशीच राहिली असती तर काही खरं नव्हतं.

ती वाचणार असं कळल्यावर मी पडवीत परत गेलो. भिऊन नाही, शिकलेल्या सवयीनं. आवाज म्हणजे हवेचा कंप, आणि हवा कंप पावायची तर काहीतरी हललं पाहिजे, एवढं मला ठाऊक होतं. घाण्याचं जू खुंटीला टांगलेलं होतं. बैल गावाबाहेरच्या वाडीत चरत होता, त्यालाही शनिवारची सुटी. लाकडाला हात लावून पाहिला. थंड. साराबायची सून दर शुक्रवारी शेवटच्या फेऱ्यानंतर घाणा पुसून बैलाची वाट शेणानं सारवून घेते. त्या सारवणावर तिच्या बोटांचे वळसे जसेच्या तसे होते. साराबायचा पाय घसरल्याची एक खूण आणि आमची पावलं, बाकी खूर नाही, काही नाही. मी तिथे बराच वेळ उकिडवा बसून राहिलो.

गणूकाकांनी मग सांगितलं. साराबायचे यजमान, मुसाजी तेली, वारून बरीच वर्षं झाली. घाणा हाकताना ते आडव्या दांड्यावर हातातल्या काठीनं ठोका मारायचे. शालोमभाऊंना ती सवय नाही, त्यांनी बैलाच्या गळ्यात घंटा बांधली. "तू वाजवून दाखवलास तो मुसाजीचा हात होता," गणूकाका म्हणाले. "मी लहानपणापासून ऐकलाय तो. तू कसा ऐकशील?"

साराबाय बोलायला लागली तेव्हा मी भेटायला गेलो. तिने तो ठोका मला पुन्हा वाजवायला लावला. मी बाजेच्या लाकडावर वाजवला. ती डोळे मिटून होती.

"बैलासाठी नव्हता तो," ती म्हणाली. "सगळ्यांना तसंच वाटायचं. मी आत चुलीशी असायची. पेंड निघाली की ठोका मारायचा... गरम आहे तोवर ये, म्हणून. सासूसमोर हाक कशी मारणार?"

"तुम्हीही ऐकलात का तेव्हा, पडल्यावर?"

"न्हाय रे. मला कुठलं ऐकू येतंय. तुला बोलावलं त्यानं." आणि ती रडायला लागली. मी घाबरलो. तिला पडल्याचं दुःख नव्हतं. म्हणाली, "जन्मभर शनवार पाळला त्यानं. तापात पाळला, दुष्काळात पाळला. एकदा हात लावला न्हाय घाण्याला. आणि माझ्यापायी मोडला बघ."

शालोमभाऊ तिच्याजवळ बसले. म्हणाले, "आई, मी मशिदीत विचारून आलो. जीव वाचवायला शनवार मोडला तर पाप लागत न्हाय."

"नक्की?"

"नक्की. तसा नेमच आहे."

तेव्हा कुठे ती शांत झाली. तिला घरी आणल्यावर त्यांनी मलिदा केला... पोहे, गूळ, खोबरं, फळं. देवाचं नाव घेऊन सगळ्या आळीला वाटला. मलाही पहिल्यांदा दिला. कोणी म्हणे त्यांच्या पैगंबराची कृपा, कोणी म्हणे मुसाजी. मामा म्हणाले, "तुझं पोट पेंडेसाठी बोललं, नि त्यात तिचं नशीब." मी कोणालाच हो किंवा नाही म्हणालो नाही.

पुढच्या खेपेला मी पास झालो. आमच्या प्रोफेसरांना एकदा चाचरत हे विचारलंही. त्यांनी आजारानंतर कानात होणाऱ्या भासांबद्दल बरंच सांगितलं. ते मला पटलंही. फक्त मी कधी न ऐकलेल्या माणसाच्या हाताची चाल माझ्या कानात कुठून आली, ते मात्र राहिलं. ते आजही राहिलेलं आहे.

सुटी लागली की बोटीनं मी अलिबागेस जातो, आणि मुद्दाम शनिवारी इस्रायल आळीत जातो. आता मला ती आळी शनिवारीच जास्त आवडते. घाणा गप्प, घंटा गप्प, नारळींतून वाऱ्याचा काय तो आवाज. साराबाय ओट्यावर बसलेली असते. मी दाराशी उभा राहून नकळत कान देतो. तिच्या ते लक्षात येतं.

"ऐकू येतंय का रे काही?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणते. "आज त्याची सुटी आहे."