मावशीची राज्यसभा

नारपोलीच्या आमच्या चाळीत नागरिकशास्त्र शिकवायचा हक्क एकटीचा, माझा. बी.ए., बी.एड. होते मी. आणि माझी स्वतःची दहा वर्षांची मुलगी सरकार समजून घ्यायला जायची कुणाकडे, तर शेजारणीकडे! अंबाडीच्या पलीकडच्या पाड्यावरून आलेली, चौथी शिकलेली, यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरणारी बाई. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

मी मुलीला नीट सांगितलं होतं, ‘राज्यसभा हे संसदेचं वरिष्ठ व स्थायी सभागृह होय.’ तिने जांभई दिली. शुक्रवारी लूम बंद, म्हणून संध्याकाळी शेजारीण ओट्यावर तांदूळ निवडत बसायची आणि चाळीतली सगळी पोरं तिच्याभोवती. मी खिडकीशी भाजी चिरायचं निमित्त करून ऐकायची.

‘लोकसभा म्हंजी लूम हाय. कायद्याचं कापड तिथं विणायचं. मंग राज्यसभेत चेकिंग. डाग दिसला, धागा तुटलेला दिसला, का पाठव माघारी. सगलं बरोबर असंल तर राष्ट्रपती छाप मारनार.’

‘आणि घाईघाईत विणलं तर?’ माझी मुलगी विचारत होती. मला तिने कधी एक प्रश्न विचारला नव्हता. नाकाला मिरच्या झोंबणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. या बाईला हे सुचलं, मला शाळेत शिकवण्याच्या पंधरा वर्षांत का सुचू नये?

तेवढ्यात एका पोराने विचारलं, ‘मावशी, मग शेठ कोण?’

‘पंतप्रधान,’ ती म्हणाली.

सापडली! सुरी तशीच हातात घेऊन मी ओट्यावर गेले. ‘चूक! साफ चूक. शेठ जनता असते. तू, मी, आपण सगळे. आपण मत देतो म्हणून ते तिथे बसतात. मुलांना भलतंसलतं शिकवू नकोस.’

मला कसलं समाधान वाटलं म्हणून सांगू! शेजारणीने सुपातला हात थांबवला.

‘मी शेठ, बाई? आमचा मानूस सांगतो त्या चित्रावर मी शिक्का मारते. मला कवा कोनी पुसलंच न्हाय.’

‘असं नसतं करायचं,’ मी म्हणाले. ‘आपलं मत आपण ठरवायचं.’

‘तुमी कसं ठरवता?’

माझ्या मुलीने मान वर केली. पहिल्यांदाच ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

‘मतदान गुप्त असतं,’ मी म्हणाले. पुस्तकात तसंच आहे.

‘गुप्त कुठलं?’ मुलगी मावशीला म्हणाली. ‘आईला बाबा सांगतात. चपला घालताना.’

शेजारीण हसली नाही. मेली हसली असती, तर निदान भांडता आलं असतं.