पूर्ण एक मिनिट मोजणाऱ्या लांजेवार मॅडम

लांजेवार मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी पेशंट होते. मला काहीही झालेले नव्हते. बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, सकाळी हॉस्टेलच्या मेसमध्ये दोन प्लेट पोहे खाल्ले होते आणि सक्करदऱ्याकडच्या आमच्या कॉलेजच्या 'रुग्णालयात' उजव्या पायाला बँडेज गुंडाळून खाटेवर पडले होते. त्या दिवशी तपासणी समिती यायची होती. कॉलेजला मान्यता हवी तर रुग्णालय हवे, आणि रुग्णालय म्हटले की खाटेवर रुग्ण हवेत. पाटी होती, खाटा होत्या, सलाइनचे स्टँड होते. रुग्ण तेवढे नव्हते, म्हणून आम्हा मुलींना झोपवले होते. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलीला अपेंडिक्सचे दुखणे दिले होते आणि तिला हसू आवरत नव्हते.

विमलताई लांजेवार सरकारी रुग्णालयातून निवृत्त होऊन आमच्या कॉलेजात शिकवायला आल्याला तेव्हा आठच दिवस झाले होते. आमच्या वर्गावर त्या अजून आल्या नव्हत्या. समितीच्या लोकांबरोबर त्या वॉर्डातून चालत आल्या आणि नेमक्या माझ्या खाटेशी थांबल्या. माझ्या मनगटावर तीन बोटे ठेवली आणि घड्याळाकडे पाहू लागल्या. समिती थांबली. संस्थेचे सचिवसाहेब म्हणाले, "चला मॅडम, चहा थंडा होऊन राहिला." मॅडमनी मान वर केली नाही. पूर्ण एक मिनिट त्या मोजत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "शहात्तर. हिले काही झालं नाही, साहेब. बँडेजही चुकीचं आहे. खालून वर बांधावं लागते, हिनं वरून खाली बांधलं. आपल्याच कॉलेजची पोरगी असन, अन् हिले बँडेज अजून कोणी शिकवलं नाही."

मला वाटले, आता धरणी दुभंगेल. तसे काही झाले नाही. समितीने चहा घेतला, आणि कॉलेजला मान्यता मिळाली.

मॅडमच्या या गौरवग्रंथासाठी मला जे पत्र आले, त्यात 'आठवणी हृद्य असाव्यात, वादाचे विषय टाळावेत' अशी सूचना आहे. ग्रंथ काढणारी संस्था तीच आहे. सचिवसाहेबही तेच आहेत, फक्त आता ते अध्यक्ष झाले आहेत. पत्र वाचून माझे डोके असे तापले की दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. मॅडमचा अमृतमहोत्सव आणि वाद टाळायचा! मॅडममधून तो वाद काढला तर मागे उरते ती फक्त शाल आणि नारळ. तेव्हा मी सूचनेचा निम्मा भाग पाळते. आठवण हृद्यच आहे.

मॅडमची शिकवण्याची रीत त्या दिवशी दिसली तीच होती. नाडी मोजायची तर पूर्ण मिनिट मोजायची. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करायची सवय आम्हाला लागलेली. मॅडम विचारायच्या, "अन् राहिलेल्या अर्ध्या मिनिटात ठोका चुकला तं? तो कोण मोजन, तुहा बाप?" वर्गात त्या आवाज चढवत नसत. पण बेडपॅन नाक मुरडून दिलेला त्यांना चालत नसे, आणि पेशंटला 'सात नंबर' म्हटलेले तर मुळीच नाही. सात नंबरला नाव असते, आणि ते विचारल्याशिवाय इंजेक्शनचा ट्रे उचलायचा नाही, अशी ताकीद होती.

आता मिडवायफरीच्या, म्हणजे बाळंतपणाच्या विषयाच्या, केसबुकाबद्दल सांगते, कारण सगळे त्यावरूनच घडले. नर्स म्हणून नोंदणी व्हायची तर विद्यार्थिनीने वीस बाळंतपणे स्वतःच्या हाताने करायची असतात आणि प्रत्येकाची नोंद केसबुकात लिहून त्यावर शिक्षिकेची सही घ्यायची असते. आमच्या रुग्णालयात बाळंतपणे कुठून यायची? तिथे अपेंडिक्ससुद्धा हॉस्टेलमधून आणावे लागत होते. म्हणून कॉलेजची एक रूढ पद्धत होती. वरच्या वर्गाच्या मुली आपली केसबुके आम्हाला द्यायच्या. आम्ही दुपारी मेसच्या टेबलावर बसून बायांची नावे आणि तारखा बदलून ती उतरवून काढायचो. त्यांनी त्यांच्या आधीच्यांची उतरवलेली असायची. यात काही गैर आहे असे कोणालाही वाटत नव्हते. मलाही नाही, हे कबूल करते.

चौथ्या वर्षी आम्ही चाळीस जणींनी केसबुके मॅडमच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी ती चार दिवस वाचली. सगळी वाचली, आणि हाच आमचा घात झाला, कारण केसबुक कोणी वाचते हे आम्हाला ठाऊकच नव्हते. पाचव्या दिवशी त्या वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "चाळीस पोरी, वीस-वीस बाळंतपणं. आठशे लेकरं जन्मले. सगळे अडीच-पावणेतीन किलोचे. सगळे जन्मल्या जन्मल्या रडले. काहून वं पोरीहो, आठशेतलं एकही लेकरू उशिरा रडलं नाही?"

आम्ही चाळीसही जणी बाकावरची अक्षरे वाचू लागलो.

"तीस वर्षं लेबर रूममध्ये काढली म्या. असा गाव मले दाखवा, मी तिथंच राहायले जाते," त्या म्हणाल्या आणि सही न करता केसबुके परत वाटली.

केसबुक अपुरे म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. परीक्षा नाही तर पदवी नाही, नोंदणी नाही, नोकरी नाही. पारशिवनीत माझ्या बाबांची पिठाची गिरणी आहे. गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी 'आमची रजनी नर्स होऊन राहिली' असे चार वर्षे सांगितले होते. मी फोन केला तर म्हणाले, "बाकीच्या मॅडम सही देतात, या बाईलेच काय झालं? पोरीचं वर्ष बुडवतात का?" मला तेव्हा ते शंभर टक्के पटले. आमची फी घेऊन चार वर्षांत एक बाळंतपण न दाखवणाऱ्या कॉलेजचा मला राग आला नाही. राग आला तो खरे बोलणाऱ्या बाईचा. साप सोडून भुई धोपटणे म्हणतात ते हेच.

सचिवसाहेबांनी आम्हाला ऑफिसात बोलावले आणि ते फार मायेने बोलले. म्हणाले, तुमची तक्रार असेल तर लेखी द्या, मग मला काही करता येईल. अर्ज लिहायचा ठरला. माझे अक्षर चांगले म्हणून तो मी लिहिला. 'लांजेवार मॅडम विद्यार्थिनींना हेतुपुरस्सर त्रास देतात व आमचे शैक्षणिक नुकसान करतात' हे वाक्य माझे आहे. खाली पहिली सहीही माझीच आहे.

त्या अर्जाच्या जोरावर मॅडमना एक महिन्याची नोटीस मिळाली. ज्यांच्या नावाने कॉलेजने जाहिरात छापली होती, 'सरकारी सेवेतील अनुभवी अध्यापक वर्ग' म्हणून, त्याच बाईंना! गरज सरो, वैद्य मरो. इथे तर वैद्याला मारायला त्याच्याच शिष्या पुढे केल्या होत्या.

नोटीस मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला जिन्यात गाठले. मी खाली मान घालून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे वं तुह्यं. नर्सेस नोट्सही असेच लिहीत जाय." एवढेच. मग म्हणाल्या, "माह्या हातात महिना आहे. सरकारी दवाखान्यात लेबर रूमची इन्चार्ज माही विद्यार्थिनी आहे. तिले बोलली मी, परवानगीचा कागद आणला. उद्या सकाळी सातले येजो. जिले यायचं तिनं यावं, जबरदस्ती नाही."

चाळीसपैकी अकरा जणी गेलो. मी गेले ती पश्चात्तापाने नाही, भीतीने गेले. दुसरे कोणी सही देईल याची तोपर्यंत खात्री नव्हती.

तिसऱ्या दिवशी माझा नंबर लागला. बाईचे नाव ज्योत्स्ना. पहिलटकरीण होती, आणि आमच्या केसबुकातल्या बाया जशा मुकाट्याने बाळंत व्हायच्या तशी ती नव्हती. तिने माझा दंड असा धरला होता की चार बोटांचे वळ आठवडाभर होते. बाळ माझ्या हातात आले. निळसर, लिबलिबीत, आणि गप्प. मी पुस्तकात वाचलेले सगळे विसरले. मॅडम माझ्या खांद्याशी उभ्या होत्या. त्यांनी बाळ माझ्या हातातून काढून घेतले नाही. नजर घड्याळावर ठेवून त्या बोलत राहिल्या. "पूस. कोरडं कर. नाकतोंड साफ कर. पाठ चोळ, जोरानं चोळ, मोडत नाही ते. माह्याकडं पाहू नको, त्याच्याकडं पाहा." एका हाताने त्यांनी श्वास देण्याची पिशवी माझ्यापुढे सरकवून ठेवली होती. मिनिट किती मोठे असते हे मला त्या दिवशी कळले. मिनिट संपता संपता ते लेकरू मांजरासारखे कुरकुरले आणि मग असे रडले की ज्योत्स्नाही रडू लागली आणि मीही.

हात धुऊन आल्यावर मॅडमनी एक नवे कोरे केसबुक माझ्यापुढे उघडले. "लिही," म्हणाल्या. "उशिरा रडलं, असं लिही." चार वर्षांतली ती माझी पहिली खरी ओळ.

महिन्याभरात माझी नऊ बाळंतपणे झाली. मॅडमनी नऊवर सही केली आणि दहाव्या जागेला हातही लावला नाही. त्या गेल्या. उरलेल्या अकरा जागा मी जुन्या केसबुकातून उतरवल्या, आणि मॅडमच्या जागी आलेल्या बाईंनी त्या खोट्या नोंदींवर न वाचता सह्या ठोकल्या, बाकीच्यांच्या तर वीसच्या वीसवर. आम्ही सगळ्या पास झालो. माझी नोंदणी झाली. बाबांनी गिरणीवर पेढे वाटले आणि मला एकही पेढा गिळवला नाही.

पुढे पारशिवनीच्याच सरकारी दवाखान्यात मला कंत्राटी नोकरी लागली. तिथे मी पुन्हा मोजायला सुरुवात केली, दहापासून. वीस झाली त्या दुपारी मॅडमना फोन केला आणि म्हटले, "मॅडम, वीस झाली. आता खरी झाली." त्यांनी घरचा पत्ता विचारून घेतला. पुढच्या रविवारी मॅडम एसटीने पारशिवनीला आल्या, त्या वयात, उन्हातून, पिशवीत माझ्यासाठी तिळाच्या वड्या घेऊन. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी त्याच केसबुकाच्या मागच्या पानांवरच्या माझ्या अकराही नव्या नोंदी एकेक करून वाचल्या, दोन ठिकाणी चुका काढल्या आणि प्रत्येकीखाली तारखेसह सही केली. त्या सह्यांना कागदोपत्री कवडीची किंमत नव्हती. माझ्याकडे ते केसबुक आहे, आणि पदवीची फ्रेम भिंतीवर असली तरी कपाटात कुलपात आहे ते केसबुकच. त्या दिवशी अर्जाची माफी मागायला मी तोंड उघडले, तर त्या बाबांना म्हणाल्या, "पोरगी चांगली नर्स झाली तुमची. चहात साखर कमी टाका मात्र."

आज मी रामदासपेठेतल्या एका रुग्णालयात वॉर्डाची इन्चार्ज आहे. दरवर्षी नव्या पदवीधर मुली येतात. मी विचारते, किती बाळंतपणे केलीस? एका श्वासात उत्तर येते, वीस. एखादे बाळ उशिरा रडले होते का? मुली एकमेकींकडे पाहतात. त्यांचा राग येत नाही, मी त्यांच्याच खाटेवर झोपून आले आहे. राग येतो तो त्यांना तिथे झोपवणाऱ्यांचा. त्या झोपवणाऱ्यांच्या चुकीची शिक्षा त्यांना स्वतःला होत नाही. ती होते बाळंतपणाच्या टेबलावरच्या बाईला आणि तिच्या गप्प बाळाला. आणि एखादे बाळ गेले तर पेपरात छापून येते, 'परिचारिकेचा हलगर्जीपणा'. संस्थेचे नाव तिथे कधी छापून येत नाही, ते छापून येते गौरवग्रंथावर.

मी लिहिणार नाही असे मॅडमना फोनवर कळवले होते. त्यांनी विचारले, "काहून नाही लिहीत? लिही. माह्यं कौतुक लिहू नको, ते सगळेच लिहितीन. लेकरू उशिरा रडलं ते लिही." म्हणून लिहिले.

संपादक मंडळाला जागेअभावी हा लेख घेता आला नाही तर माझी हरकत नाही. मग माझा तो अर्ज छापावा. संस्थेच्या फाइलमध्ये तो असेलच, अक्षरही सुंदर आहे. त्याखाली एवढेच टाकावे की अर्जदार खोटे बोलत होती आणि तिला ते तेव्हाही ठाऊक होते.

मॅडम, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, आणि तेही निरोगी, चष्म्याचा नंबर न वाढता, कारण अजून पुष्कळ केसबुके वाचायची राहिली आहेत. समारंभाच्या दिवशी मी हार आणणार नाही. व्यासपीठावर येईन, तुमच्या मनगटावर तीन बोटे ठेवीन आणि घड्याळाकडे पाहीन. अध्यक्षसाहेबांचा चहा थंड होईल. होऊ द्या. मी पूर्ण एक मिनिट मोजणार आहे.