बांधावरचं जांभूळ

आमच्या रविवारच्या चित्रकार मंडळात चौघं. शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे सर, एक औषध दुकानदार, बँकेतल्या मॅडम आणि मी. ते तिघं चित्रं काढतात, मी पाणी सांडतो. पन्नाशीत मला जलरंगाचा नाद लागला तेव्हा बायको म्हणाली, "असू दे, पत्त्यांपेक्षा बरं." तेवढ्या कौतुकावर मी टिकून आहे.

सरांचा नियम एकच. उघड्यावर बसायचं, समोर आहे तेच काढायचं आणि शेवटी चारी चित्रं बांधावर मांडून एकमेकांची सालटी काढायची.

गेल्या पावसाळ्यात आप्पा, म्हणजे माझे वडील, न्हाणीत घसरले. खुबा मोडला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चालवायला सांगितलं, पण आप्पा वॉकरला हात लावीनात. शेवटी मी म्हटलं, "शंभर पावलं चाला, शेतात नेतो." त्या दिवसापासून सोप्यात सकाळ-संध्याकाळ मोजणी सुरू झाली. मध्ये कुणी बोललं की शिवी, आणि पुन्हा एकपासून.

आणि इकडे शेत नव्या रस्त्यात गेलं. वडगावच्या शिवारातलं दीड एकर, आप्पांनी केव्हाच माझ्या नावावर करून दिलेलं. आमचा सीमाभाग, नोटीस कन्नडमध्ये आली. आप्पा आयुष्यभर बाजारात कन्नडमध्ये भांडले, पण अक्षर वाचता येत नाही. "कसला कागद रं?" म्हणाले. मी म्हटलं, "रेशनकार्डाचा." हरकत घेतली, ती फेटाळली. भात निघालं आणि मागून मसूर पेरायच्या आत रस्त्याचं खोदाईचं मशीन आलं. मी आप्पांना काही बोललो नाही. कसा बोलणार? ते चालत होते ते त्या शेताकडेच.

सत्तर पावलांवर आले तेव्हा एका शनिवारी म्हणाले, "दर आयतवारी लोकांची शेतं काढतोस. आपलं काढ की एकदा. मसूर कशी आलीया बघतो."

एकट्यानं जायची छाती नव्हती, म्हणून मंडळाला मीच ती जागा सुचवली. शेत माझं आहे हे मात्र सांगितलं नाही.

तिथं पोचलो तर मसूर कुठली? तांबडी माती चिरून रुंद पट्टा पाडलेला आणि मधोमध पिवळंधमक मशीन उभं. बांधावरचं जांभूळ मुळासकट गेलेलं. त्या जांभळाच्या सावलीवर आप्पा वेळ सांगायचे, माझ्या घड्याळापेक्षा बरोबर.

"व्वा!" सर म्हणाले. "काय तांबडा आहे हो! आणि त्यावर तो पिवळा!"

"लई भारी जागा काढलासा," दुकानदार म्हणाला. मॅडमनी तर मशीन हलायच्या आत रेखाटूनसुद्धा घेतलं.

मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. माती, बांध, लांबचं देऊळ समोर बघून काढलं. मशीनच्या जागी हिरवी मसूर घातली. मग आठवून आठवून जांभूळ. ब्रश कुठं अडलाच नाही, पानं आपोआप सळसळली. आयुष्यात पहिल्यांदा माझं झाड झाडासारखं दिसलं. नेमकं तेच समोर नव्हतं.

बांधावर चित्रं मांडली. दुकानदार हसायला लागला. "अण्णा, आम्ही बसलो तिथंच बसलातासा न्हवं? का दुसऱ्या गावाला गेलतासा?"

सर बराच वेळ वाकून बघत राहिले. "नियम मोडलात ते असू दे. पण झाड जमिनीवर बसलं नाही तुमचं. तरंगतंय."

माझं सगळंच तरंगतं, मी मनाशी म्हटलं आणि कागद गुंडाळला. सरांच्या त्या वाक्याकडे तेव्हाच नीट लक्ष दिलं असतं तर!

घरी आप्पांनी चष्मा लावून चित्र मांडीवर घेतलं. बोट फिरवत निघाले. "हे देऊळ. हा बांध. मसूर बरी हाय." बोट जांभळाशी थांबलं, बुंध्यावरून खाली आलं आणि मातीवर इकडंतिकडं काहीतरी शोधू लागलं.

"सावली कुठाय रं?"

"दुपार होती, आप्पा."

"दुपारची बुडात पडती. कुठं जाती?" त्यांनी चष्मा काढला. "माती बघून काढलास. झाड बघून न्हाय काढलास."

स्वयंपाकघरात बायकोनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"कवा पाडलं?"

मग सगळं सांगितलं. रेशनकार्डासकट. ते रागावतील, शिव्या देतील याची मी वाट बघत होतो. त्यांनी चित्र फक्त माझ्या हातात परत दिलं.

"सावली काढू का, आप्पा? आत्ता काढतो," मी म्हटलं. पन्नाशीतला माणूस इतकं मूर्खासारखं बोलू शकतो.

"ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी मी वॉकर पुढं केला. "चला, सत्तर तरी करू." दुसऱ्या दिवशी पन्नास म्हटलं. तिसऱ्या दिवशी दहा. हात जोडले, चिडलो, एकदा रडलोसुद्धा.

"कुठं जायाचं हाय?" आप्पा म्हणाले आणि भिंतीकडं वळले.

आता मी सावली आधी काढतो, झाड मागाहून. सर म्हणतात, सुधारणा आहे. ओले कागद वाळवायला घरात जागा नाही, म्हणून ते वॉकरलाच चिमट्यानं लावतो. आप्पांच्या खाटेसमोरच असतो तो. रोज कागद काढून घेतो, वॉकर त्यांच्यापुढं सरकवतो, थोडा वेळ थांबतो आणि कागद पुन्हा लावतो.