चढलेला रंग
निलगिरीचं तेल घातलेल्या मेंदीचा वास आला की मला मोताळ्याजवळचं मावशीचं अंगण आठवतं. मावसबहिणीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं आणि दुपारी मीच तिच्या हातांवर मेंदी काढली. कापूस वेचून भेगाळलेल्या बोटांना ती झोंबत होती. "झोंबू दे, रंग चढला पाह्यजे," मावशी लिंबू-साखरेचं पाणी लावत म्हणाली. मेंदी सुकते न सुकते तोच नांदुऱ्याहून फोन आला. बोंडअळीसाठी फवारा मारताना नवरदेवाला विषबाधा झाली होती, दवाखान्यातच तो गेला. मावशीनं बहिणीला न्हाणीत नेऊन राखेनं तिचे हात घासले. मेंदी निघाली, खाली नारिंगी रंग राहिला, आणि मेंदीचा होतो तसा तो दुसऱ्या दिवशी आणखीच गडद झाला. फुटलेला कापूस शेतात गळत होता, म्हणून तीन-चार दिवसांतच ती वेचणीला उभी राहिली, सोबतीला मीही. शेजारच्या ओळीतली परगावची मजूरबाई तिचे हात पाहून हसली, "नवरा लय जीव लावत असन व तुले, रंग पाह्य कसा चढला!" मी काही बोलायच्या आत बहीण म्हणाली, "हाव," आणि पुढचं बोंड वेचू लागली. परवा माझ्या लेकीनं मेंदीचे हात पुढे करून विचारलं, "आई, रंग चढला ना?" मला तेवढं "हाव" म्हणता आलं नाही.