टेपचं फाटकं टोक

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलांना नाही, आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो — दामूबद्दल माझ्या मनात आजही माया नाही. डोळे भरून आलेला म्हातारा बघायचा असेल तर दुसरं दार ठोठावा.

दामू म्हणजे दामोदर. दुर्गच्या रेल्वे क्वार्टरांत आमच्या मागच्या ओळीत राहायचा. त्याचे वडील रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन, माझे गार्ड. नागपूरला आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आम्ही दोघं एकाच गाडीनं गेलो, आणि थोड्याच दिवसांत मला कळून चुकलं की याच्यापुढं आपली डाळ शिजणार नाही. पहिल्या वर्षी असतं काय? रेघा. शाईच्या सरळ रेघा, अक्षरं, सावल्या. माझी शाई पसरायची, मी ब्लेडनं कागद खरवडत बसायचो — आणि दामूचा कागद सर भिंतीला लावायचे. वाईट वाटायचं का मला? छे. राग यायचा. गार्डाच्या मुलानं पॉइंट्समनच्या पोराचं बघून शिकायचं! हे वाक्य मी तेव्हा मनात म्हटलेलं आहे, जसंच्या तसं.

सुट्टीत एक काम दिलं होतं. दोघादोघांनी मिळून एखादं घर मोजायचं आणि प्रत्येकानं आपापला नकाशा काढायचा. दुर्गच्या शेजारी भिलाईत तेव्हा पोलादाच्या कारखान्याबरोबर वसाहतही उभी राहत होती — लाल धूळ, ट्रक, विटांचे ढीग आणि एकसारख्या क्वार्टरांच्या ओळीच्या ओळी. आम्ही सायकलींवर गेलो. चौकीदारानं एक रिकामं क्वार्टर उघडून दिलं, दोनच खोल्यांचं.

इथं जीभ अडते. अडू दे — किती वर्षं अडवायची?

टेप माझी होती. कापडी, जुनी, आणि तिचा पहिला फूट फाटून गेलेला. असली टेप वापरायची एक रीत असते. टोक धरणारा ती एक फुटाच्या रेघेवर धरतो आणि ओरडतो, "एक सोडून!" मग पलीकडे आकडा वाचणारा एक फूट वजा करून लिहितो. आणि न ओरडता धरली तर? तर प्रत्येक माप एक फुटानं जास्त.

टोक मी धरलं होतं. मी ओरडलो नाही.

विसरलो, असं म्हणता आलं असतं. विसरलो नव्हतो. टेप फाटकी आहे हे दामूला ठाऊकच नव्हतं. तो टेपची डबी धरून वाचत होता, लिहीत होता, आणि मी ते टोक अंगठ्याखाली झाकून भिंतीला दाबत होतो. दोन्ही खोल्या, मग बाहेरची लांबी. भिंतींची जाडी तेवढी त्यानं दारापाशी फुटपट्टीनं मोजली. संध्याकाळी मी त्याचे आकडे उतरवून घेतले आणि घरी येऊन टेपच्या प्रत्येक आकड्यातून एक वजा केला. माझी बेरीज चोख जुळली.

त्याची कशी जुळणार? आत दोन खोल्यांचे दोन फूट वाढलेले, बाहेर एकच. तो आमच्या दारात आला, घामाघूम.

"नकाशा जमून नाही राहिला बे. चाल ना, एक डाव पुन्हा मोजून येऊ."

"मले टाइम नाही," मी म्हणालो. "भिंती बारीक कर ना थोड्या. सर काय फुटपट्टी घेऊन बसते का?"

खरं सांगू? त्याचं तोंड बघून मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

त्यानं ऐकलं. नऊ इंचाच्या भिंती पाचावर आणल्या आणि नेहमीसारखा देखणा कागद काढला. सरांनी फुटपट्टी घेतलीच. सगळ्या वर्गासमोर त्याला उभं केलं आणि विचारलं, या भिंतींवर छत उभं राहील का? मग माझ्याकडे वळले. दोघांनी मिळून मोजलं ना, मग तुझं बरोबर आणि याचं चूक कसं?

"सर, मोजलं आम्ही नीटच. यानं नंतर घरी बसून आकडे बदलले."

यात खोटं काय होतं? बदललेच होते की त्यानं! इतकं सफाईदार खोटं मला पुन्हा आयुष्यात जमलं नाही. दामूनं माझ्याकडे पाहिलं. हा सल्ला यानंच दिला, एवढं तरी तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला आणखीनच संताप आला — कोण लागून गेला होता तो, माझ्यावर उपकार करणारा?

सरांनी कागदावर लाल पेन्सिल ओढली. खोटी मापं लिहिणारा उद्या माणसं मारील, म्हणाले. या कामात नापास तो वर्षात नापास, असा नियम होता; दामूचं वर्ष गेलं. तेच वर्ष पुन्हा करण्याची त्याच्या घरची ऐपत नव्हती, आणि हे मला टोक धरतानाही माहीत होतं.

पुढं तो भिलाईतच ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून, म्हणजे दुसऱ्यांचे नकाशे गिरवायला, लागला. काही वर्षांनी मी तिथंच आर्किटेक्ट होऊन आलो. मला 'साहेब' म्हणायचा. मी एकदाही नको म्हटलं नाही. एक आकडा तो तीन-तीनदा तपासायचा, बोट ठेवून, पुटपुटत. पोरं हसायची. मीही हसायचो.

एका दुपारी तो माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, एक विचारू का? त्या क्वार्टराचं. लई विचार केला मी. मापं मीच चुकीची वाचली होती का?"

कोणी नव्हतं जवळपास. एक वाक्य पुरलं असतं.

"हो," मी म्हणालो. "तूच चुकला होता."

त्यानं मान हलवली. "मलेबी तसंच वाटे," म्हणाला, आणि जाऊन मी काढलेला नकाशा ट्रेस करायला बसला.