थोरल्या जाऊबाईंचं 'मस्ट'

'पाहिजे' या एका शब्दावर अख्ख्या महाराष्ट्राचं भागतं. भागलं नाही ते फक्त माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. चहा पाहिजे, पाऊस पाहिजे, भाकरी गरम पाहिजे, सुनेने डोक्यावर पदर घ्यायला पाहिजे असं माणसं जन्मभर बोलतात आणि सुखाने मरतात. जाऊबाईंना मात्र प्रत्येक 'पाहिजे' उचलून, उलटा करून, तो नेमका कोणाच्या पोटातून निघालाय हे तपासल्याशिवाय चैन पडत नसे. बाजारात वांगंसुद्धा कोणी इतकं निरखून घेत नाही.

मी कुंभार पिंपळगावहून शहरात, मस्तगडातल्या या घरात लग्न होऊन आले, तेव्हा अंगाची हळदही पुरती उतरली नव्हती. जाऊबाई भाकऱ्या थापत होत्या. मी शेजारी पीठ मळायला बसले. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तू बी.ए.ला इंग्रजी घेतल्तं म्हणं?"

"हो."

"मंग मला सांग, 'मस्ट' अन् 'हॅव टू' यात फरक काय?"

नव्या सुनेला माहेरची माणसं विचारतील, दागिने विचारतील, फार तर पुरणपोळी येते का विचारतील अशा तयारीने मी आले होते. गडबडून म्हटलं, "आपल्याच मनाने ठरवलं की केलंच पाहिजे, तर मस्ट. बाहेरच्या कोणामुळे करावं लागलं, तर हॅव टू." जाऊबाईंचा हात भाकरीवरच थांबला. तव्यावरची आधीची भाकरी करपून धूर निघाला तरी त्यांना पत्ता नव्हता. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "म्हंजे मी लग्न झाल्यापसून निस्तं हॅव टूच करून राह्यले."

त्या दिवसापासून घरातल्या कामांची दोन डब्यांत वाटणी झाली. नळाचं पाणी भरणं, हॅव टू. नणंदेच्या सासरी मानाचा आहेर घेऊन जाणं, हॅव टू आणि वर तोंड हसरं. धुणं, निवडणं, पापड, सगळं त्याच डब्यात. 'मस्ट'चा डबा बराच काळ रिकामा होता. त्यात एके दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने एक गोष्ट टाकली: दहावीची परीक्षा.

जाऊबाईंचं शिक्षण लग्नाने मोडलं होतं. आता मुलगा औरंगाबादला शिकायला गेलेला, दुपार मोकळी, आणि आळीतल्या बालवाडीला बाई हवी होती, पण दहावी पास. त्यांनी शाळेत न जाता बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, म्हणाल्या, "आता इंग्रजीचं काय लोणचं घालायचंय का?" जाऊबाईंनी शांतपणे उत्तर दिलं, "घालीन. तुमाला बी वाढीन."

अभ्यास दुपारी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. गणिताची, इतिहासाची त्यांना फिकीर नव्हती. सगळी लढाई या 'गरजे'शी होती. मराठीत गरज म्हणजे गरज. इंग्रजीत ती कधी क्रियापद, कधी नाम, कधी विशेषण, आणि प्रत्येक वेशात तिच्यामागे वेगळं शेपूट. "आय नीड वॉटर" यात 'ऑफ' नाही. "इन नीड ऑफ वॉटर" यात आहे. जाऊबाई चिडायच्या. "येकच पानी, येकच तहान. येकीकडं ऑफ लागतो, दुसरीकडं न्हाई. ह्यो काय न्याव झाला?" पण चिडून झालं की पुन्हा घोकायच्या. पुस्तक मिटून पळणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

भिंतीवरून शेजारच्या मुसलमान मावशी, आमच्या खाला, डोकवायच्या. आमच्या घराला लागून त्यांचं घर. जाऊबाईंनी त्यांनाही कामाला लावलं. उर्दूत 'पाहिजे'ला काय काय म्हणतात? खाला म्हणाल्या, "चाहिए, जरूरत है, अन् लाजिमी है. लाजिमी बोले तो बचना नहीं." जाऊबाईंनी उंबऱ्यावर हात आपटला. "लाजिमी म्हंजे मस्ट! बराबर!" खाला हातातली कोथिंबीर तशीच धरून बघत राहिल्या. आपण एवढं काय मोठं सांगितलं, हे त्यांना कळेना.

एकदा मी शिकवत होते, 'द वॉल नीड्स पेंटिंग'. त्यांनी मला अडवलं. "भिंत काय सोता ब्रश घेनार हाये का?" मी म्हटलं, "नाही. नीडपुढे असं आयएनजी आलं की गरज भिंतीची, काम दुसऱ्या कोणाचं." जाऊबाईंनी पुस्तकातल्या 'वॉल'वर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "आपल्या घरात समद्या भिंतीच हायेत गं." त्याच वेळी भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून आले आणि पायावर पाणी घेण्यासाठी तांब्याची वाट बघत मोरीपाशी उभे राहिले. आम्ही दोघी इतक्या हसलो की भाऊजींना वाटलं आपल्या सदऱ्याला काहीतरी लागलंय. ते वळून वळून पाठ बघत होते.

मार्चची परीक्षा झाली. निकाल लागला. सगळे विषय निघाले, अगदी गणितसुद्धा. इंग्रजी राहिलं. मी त्यांना विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "नेसेसरीच्या पुढचा फॉर मी समदीकडं खाल्ला. 'इट इज नेसेसरी मी' असंच लिहीत गेल्ते. मधी फॉर बसवल्याबिगर मानूस त्या वाक्यात शिरतच न्हाई."

त्या संध्याकाळी जेवायला बसलो. आत्याबाईंनी सुरुवात केली, "झाली ना हौस? आळीत तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई." भाऊजींनी ताटाकडे बघतच म्हटलं, "बस कर आता. परीक्षा-बिरीक्षा नको."

जाऊबाई वाढत होत्या. त्यांनी आमटीचं पातेलं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही.

"नको म्हंजे कोनतं नको?"

"नको म्हंजे नको. त्यात कोनतं काय?"

"दोन असतात. येक नीड नॉट, म्हंजे बसायची गरज न्हाई. दुसरं मस्ट नॉट, म्हंजे बसायचं न्हाई, बंदी. तुमी कोनतं म्हनून राह्यले ते सांगा. मला तसं वागाया लागंल."

त्या घरात नवऱ्याला असा उलटा प्रश्न कोणी विचारलेला मी ऐकला नव्हता. आत्याबाई भाऊजींकडे बघत होत्या, माझे यजमान भिंतीकडे. भाऊजी तसे भले माणूस. दिवसभर लालबुंद सळयांपुढे उभं राहून त्यांचं बोलणंच आटलं होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"गरज न्हाई, असं म्हनलो मी," ते शेवटी म्हणाले. "बंदी कोन घालून राह्यलंय?"

"मंग बसते," जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात आणखी आमटी वाढली.

रात्री भांडी घासताना त्यांनी तेच पातेलं तिसऱ्यांदा घासायला घेतलं. "बंदी म्हनले असते तर काय केलं असतं गं मी?" त्या म्हणाल्या. उत्तराची वाट न बघता त्यांनी ते विसळून पालथं घातलं.

ऑक्टोबरपर्यंतचे महिने मी विसरणार नाही. जाऊबाई पोळ्या लाटताना पोळीगणिक एक 'फॉर' म्हणायच्या. दूधवाल्याला "इट इज नेसेसरी फॉर यू टू कम अर्ली" असं सुनवायच्या. तो बिचारा दुधात पाणी घातल्याचा आरोप समजून गायीची शपथ घ्यायचा. परीक्षेच्या सकाळी भाऊजी मिलवर गेले नाहीत. काही न बोलता त्यांनी सायकल काढली, जाऊबाईंना मागे बसवलं आणि केंद्रावर सोडलं. पेपर सुटेपर्यंत ते तिथेच बाहेर, झाडाखाली उभे होते, हे मला खालांच्या मुलाकडून कळलं.

पास झाल्या. काठावर, पण पास. आत्याबाई घरात फक्त "झालं का येकदाचं" म्हणाल्या, मात्र दुपारी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होत्या, "आमची थोरली इंग्रजीत पास हाय." पुढच्या जूनपासून जाऊबाई बालवाडीत जाऊ लागल्या. मग माझ्या यजमानांना नांदेडला नोकरी लागली आणि आम्ही मस्तगड सोडलं. येणंजाणं लग्नकार्यापुरतं उरलं.

बऱ्याच वर्षांनी एकदा मी न कळवता गेले. आत्याबाई तोवर गेल्या होत्या. घराला कुलूप होतं, म्हणून सरळ बालवाडीत गेले. मुलं घरी गेली होती. जाऊबाई सतरंजीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस पार पांढरे. मांडीवर एक लहानगी गाढ झोपली होती. तिची आई कामावरून न्यायला यायची होती. मला बघून त्यांचा चेहरा फुलला, पण उठता येईना. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि सतरंजीवर थोडं सरकून मला जागा करून दिली.

मी बसले. बाहेरून कुठला तरी टेम्पो गेला. पोरीने झोपेतच त्यांचं बोट धरलं. इतकी वर्षं एका चुलीपाशी काढली, पण दोघीही हातात काही काम न घेता अशा नुसत्या शेजारी बसलो, त्या एवढ्या एका दुपारीच.